मोडीत आलेली बोरमाळ

बाजाराचा दिवस होता. दुपारी दीडच्या सुमारास एका सराफ शेठचा फोन आला. आवाज इतका दबलेला, की मला वाटलं घरात कोणाचं काही बरंवाईट झालं. "मॅडम, पोलीस आलेत. एका पोराला घेऊन आलेत. तो म्हणतो माल ह्यांनाच दिला. काय करू?" मागून कोणीतरी "आधी फोन ठेवा" म्हणत होतं.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. सराफ, भंगारवाले, जुने मोबाइल घेणारे दुकानदार यांचे असे फोन वर्षातून दोन-चार तरी येतातच. त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच, की चोरीचा माल विकत घेण्याबद्दल लोक जे जे प्रश्न विचारतात, ते जवळजवळ सगळे यात आले. शेठ आणि ज्यांची चोरी झाली त्या आजी, दोघांनाही विचारून लिहिते आहे. नावं आणि गाव मुद्दाम घातलेलं नाही.

घटना २०२१ च्या दिवाळीनंतरची. म्हणून खटला जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ खाली, म्हणजे चोरीचा माल जाणूनबुजून घेतल्याबद्दल, चालला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ४१० ते ४१४ ही सगळी कलमं एकट्या ३१७ मध्ये गोळा झाली. गुन्हा ज्या तारखेला घडला त्या तारखेचा कायदा लागतो, त्यामुळे कोर्टात अजून ४११ आणि ३१७ दोन्ही शेजारी शेजारी चालू आहेत.

आजी एकट्या राहतात. नातीच्या बारशाला लेकीकडे तीन दिवस गेल्या आणि परत आल्या तेव्हा कडीकोयंडा उचकटलेला. पत्र्याच्या पेटीतून दोन वस्तू गेल्या होत्या. एक बोरमाळ, सासूबाईंकडून आलेली. दुसरी अंगठी, वारलेल्या यजमानांची. दुसऱ्या दिवशी फिर्याद झाली. फिर्यादीत वजन लिहिलं बोरमाळ एकवीस ग्रॅम, अंगठी चार ग्रॅम. हा पंचवीसचा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळा खटला त्याच्याभोवती फिरला.

साधारण चाळीस दिवसांनी दुसऱ्याच एका चोरीत पोलिसांनी एका चोवीस वर्षांच्या मुलाला धरलं. त्यानं ही चोरी सांगितली आणि माल कुठे विकला ते दाखवतो म्हणाला. दोन पंचांसमोर निवेदन पंचनामा झाला, म्हणजे त्याचं हे सांगणं लिहून घेतलं, आणि जीप शेठच्या दारात आली.

शेठचं दुकान दहा बाय बाराचं, वडिलांपासूनचं. चोरीनंतर तिसऱ्या दिवशी हा मुलगा दुकानात आला होता. आई आजारी आहे, दवाखान्यात पैसे भरायचेत, तिचाच दागिना मोडायचाय, असं त्यानं सांगितलं. शेठनी त्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, सही घेतली, खरेदीच्या वहीत नोंद केली. झेरॉक्सच्या मागे स्वतःच्या हातानं लिहिलं: "आईची बोरमाळ, अंगठी. दवाखाना." एकाहत्तर हजार पाचशे रुपये दिले. सगळे रोख. छापील पावती केली नाही.

ही शेवटची दोन वाक्यं त्यांच्या अंगाशी आली. आधार कार्ड खरं होतं, सही खरी होती, आणि तरीही शेठ साक्षीदार न होता आरोपी क्रमांक दोन झाले. अशा गुन्ह्यात सराफाला साक्षीदार करायचं की आरोपी, हा निर्णय पहिल्या दोन दिवसांत तपासी अंमलदार घेतो. व्यवहार बँकेतून झालेला असला, पावती असली, तर बहुतेक वेळा साक्षीदारावर भागतं. रोख रक्कम आणि कच्ची नोंद दिसली की ४११ लागतं.

त्या दिवशी दुकानात काय झालं ते नीट सांगते, कारण चूक व्हायची ती इथेच होते. बोरमाळ शेठच्या मोडीच्या डब्यात जशीच्या तशी होती. ती त्यांनी लगेच काढून दिली. अंगठी मात्र नव्हती. ती बाकीच्या मोडीबरोबर आटवून तिची लगड झाली होती. मग ठाण्यातून आलेले साहेब म्हणाले, "अंगठी चार ग्रॅमची ना? तेवढं सोनं द्या, विषय मिटवू." शेठ द्यायला तयार होते. चार ग्रॅम म्हणजे तेव्हाचे वीस हजारांच्या आतले पैसे, आणि बाहेर अर्धा बाजार जमलेला.

मी फोनवर त्यांना एकच गोष्ट तीनदा सांगितली. त्या पोराकडून आलेली वस्तू असेल ती द्या. तुमच्या दुकानातली एक गुंजही त्या पिशवीत जाऊ देऊ नका. वही दाखवा, जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागा आणि न वाचता सही करू नका.

असं बदली सोनं दिलं की काय होतं? पंचनाम्यात "बदली" असा शब्द येत नाही. तिथे लिहिलं जातं, आरोपीनं विकलेली चोरीची अंगठी सराफानं हजर केली. म्हणजे आपल्या हातानं दिलेलं आपलंच सोनं आपल्याविरुद्धचा पुरावा होऊन बसतं. शिवाय त्या बाईला कोर्टात उभं राहून परक्याच्या अंगठीला "हीच माझ्या मालकांची" म्हणावं लागतं. सराफांच्या संघटना वर्षानुवर्षं या प्रकाराविरुद्ध बोलत आल्या आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पण भीतीपोटी सोनं काढून देणारे हातही सराफांचेच असतात, हेही खरं आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक केलं आहे. आज अशी वेळ आली तर चित्रीकरण चालू आहे ना, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

शेठना अटक झाली नाही. ४११ ला शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, अटक का हवी याची कारणं लिहावीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं आहे. त्यामुळे हजर राहण्याची नोटीस मिळाली. तेव्हा ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४१-अ ची असे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची असते. शेठ दर तारखेला ठाण्यात हजर राहिले. गुन्हा मात्र अजामीनपात्र आहे. नोटिशीला दांडी मारली असती तर अटक टळली नसती.

दरम्यान आजींनी बोरमाळीची ओळख पटवली. पंचांसमोर सारख्या दिसणाऱ्या चार बोरमाळा मांडल्या होत्या. मी तिथे नव्हते, पण आजींनी नंतर कोर्टात साक्ष देताना पुन्हा तेच करून दाखवलं. त्यांनी माळ डोळ्यांसमोर धरलीच नाही. जपमाळ ओढावी तशी बोटांतून एकेक मणी सरकवत गेल्या आणि एका मण्यावर थांबल्या. "ह्यो बगा. दबलाय. माझ्या नातवानं दात येताना चावलाय." बोरमाळीचे मणी आतून पोकळ, पातळ पत्र्याचे, आणि पोटात लाख भरलेली. लहान मुलाच्या दातानंही त्यांना पोचा येतो. न्यायाधीशांनी मणी स्वतः पाहिला आणि तशी नोंद घेतली. चोरीचा माल हाच, याबद्दल त्यानंतर कोणी वाद घातला नाही. मीही नाही.

मग बोरमाळ कोणाची? शेठचा प्रश्न रास्त होता: "मी पैसे मोजलेत मॅडम. मला माहीत नव्हतं. मग माल माझा नाही?" नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २७ सांगतं, की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असतो त्याहून चांगला हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोराकडे हक्कच नव्हता, तर शेठकडे कुठून येणार? किती प्रामाणिकपणे घेतलं, किती पैसे दिले, यानं हे बदलत नाही. गुन्ह्यातून सुटका ही एक गोष्ट आणि मालावरचा हक्क ही अगदी दुसरी. बहुतेक लोक इथेच गोंधळतात. निर्दोष सुटलेला माणूसही माल आणि पैसे दोन्ही गमावून बसतो.

पैसे परत कोणाकडे मागायचे? विकणाऱ्याकडे. वस्तू विकण्याचा हक्क आपल्याला आहे, ही हमी त्याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे प्रत्येक विक्रीत गृहीत धरलेली असते. शिवाय चोराला पकडताना त्याच्या अंगावर रोकड मिळाली, तर शिक्षेनंतर कोर्ट त्यातून अजाण खरेदीदाराला रक्कम देऊ शकतं. ही तरतूद आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९९ मध्ये आहे. आमच्या प्रकरणात मुलाच्या खिशात नऊशे रुपये होते.

आजींनी बोरमाळ परत मिळावी म्हणून अर्ज केला, तेव्हा मी शेठना विरोध करू दिला नाही. त्यांना ते जड गेलं. पण हक्क लागतच नाही अशा वस्तूवर हट्ट धरून कोर्टासमोर कसलं चित्र उभं राहतं? आम्ही ना-हरकत लिहून दिली. सुंदरभाई देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सांगितलं आहे, की मुद्देमाल ठाण्यात वर्षानुवर्षं सडत ठेवू नये; फोटो काढावेत, पंचनामा करावा, हमीपत्र घ्यावं आणि हक्कदाराला द्यावा. तीन महिन्यांत बोरमाळ सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या अटीवर, आजींच्या गळ्यात परत गेली. मोडायची नाही, विकायची नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करायची, एवढ्या अटी.

आता खटला. कलम ४११ मध्ये तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात आणि त्या त्रिंबक विरुद्ध मध्य प्रदेश या १९५४ च्या निकालापासून तशाच चालत आल्या आहेत. माल आरोपीच्या ताब्यात होता. त्याच्याआधी तो दुसऱ्या कोणाच्या ताब्यात होता. आणि माल चोरीचा आहे हे आरोपीला माहीत होतं. पहिल्या दोन आम्ही नाकारल्याच नाहीत. सगळी लढाई तिसऱ्यावर होती.

चोराचं "ह्यांनाच दिला" हे वाक्य लोकांना मोठा पुरावा वाटतं. पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीतला फक्त तेवढाच भाग पुराव्यात येतो, ज्यामुळे एखादी वस्तू सापडली. त्यावरून बोरमाळ कुठे मिळाली ते कळतं. ती घेताना शेठच्या मनात काय होतं, ते त्यातून कळत नाही.

सरकार पक्षाचा खरा आधार गृहीतकाचा होता. चोरीनंतर लगेच ज्याच्याकडे माल मिळतो आणि ज्याला त्याचा खुलासा देता येत नाही, तो एक तर चोर आहे किंवा त्यानं जाणूनबुजून माल घेतला आहे, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. पुरावा कायद्याचं हे जुनं कलम ११४, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ११९. चोरी झाल्यावर तिसऱ्या दिवशी माल शेठकडे आला होता, म्हणजे "लगेच" हे लागू होतंच. पण त्याच कलमात पुढे एका दुकानदाराचं उदाहरण आहे. खुणेचा रुपया चोरीनंतर लगेच त्याच्या गल्ल्यात सापडतो. त्याला नेमका तो रुपया कोणाकडून आला ते सांगता येत नाही, पण धंद्यात दिवसभर रुपये येतच असतात. कोर्टानं हेही ध्यानात घ्यावं, असं कायदाच म्हणतो. शेठकडे तर नाव, सही आणि आधारची झेरॉक्स होती. खुलासा संशयापलीकडे सिद्ध करायचा नसतो, पटण्यासारखा असावा लागतो.

सरकारी वकिलांचा पहिला मुद्दा किमतीचा. पंचवीस ग्रॅम सोनं, बावीस कॅरेटचा त्या दिवसाचा भाव ग्रॅमला चार हजार चारशे पन्नास, म्हणजे एक लाख अकरा हजार अडीचशेचा माल. घेतला एकाहत्तर हजार पाचशेला. चाळीस हजारांनी स्वस्त सोनं कोण देतं? चोरच देतो. ऐकायला बिनतोड.

मूल्यांकन करणाऱ्या सोनाराची उलटतपासणी मी पाऊण तास घेतली. बोरमाळीत लाख असते का? असते. तुम्ही वजन लाखेसकट केलंत? हो. लाख किती असेल? न काढता कसं सांगणार. अंदाजानं? पाच-सहा ग्रॅम. सोनं बावीस कॅरेटचं आहे हे कशावरून? कस लावला नव्हता, धरून चाललो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गावाकडच्या बोरमाळी किती कॅरेटच्या निघतात? अठरा, वीस.

शेठच्या वहीत हाच हिशेब त्या दिवशीच केलेला होता. लाख सहा वजा, सोनं अंगठीसह एकोणीस, वीस कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं १५.८० ग्रॅमच्या आसपास. शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला चार हजार आठशे पन्नास. पूर्ण किंमत शहात्तर हजारांच्या पुढे. आटणीतली घट आणि दुकानाचा नफा धरून दिले एकाहत्तर हजार पाचशे. जुनं सोनं मोडीत देणाऱ्या कोणत्याही गिऱ्हाइकाला एवढाच भाव मिळतो. चाळीस हजारांचा फरक लाखेत आणि कॅरेटमध्ये विरघळून गेला. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली शिवकुमार विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणात किंमत कमी होती एवढ्यावरून माल चोरीचा असल्याचं ज्ञान सिद्ध होत नाही असं म्हटलं आहे. आमच्याकडे तर किंमत कमी नव्हतीच.

दुसरा मुद्दा अधिक टोकदार होता. अंगठी आटवली ती पुरावा नष्ट करायला. मी शेठना साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि विचारलं, बोरमाळ का नाही आटवली? ते म्हणाले, "लाखेचा माल तसा मुशीत टाकता येत नाही. आधी एकेक मणी फोडून, तापवून लाख काढावी लागते. एका माळेसाठी कोण बसणार? चार-पाच साठल्या की एकदम काढतो." आटणीच्या नोंदीत अंगठीबरोबर त्या दिवशी आणखी सात जणांची मोड होती. लपवायचंच असतं तर ओळखू येणारी बोरमाळ चाळीस दिवस डब्यात ठेवून बिनखुणेची अंगठी कोणी आधी आटवेल का? कामाच्या कंटाळ्यानं शेठना वाचवलं, असं मी म्हणते.

तिसरा मुद्दा मात्र खरा होता, आणि तो मला आजही टोचतो. चोवीस वर्षांचा पोरगा, एकटा, म्हाताऱ्या बाईच्या गळ्यातला दागिना घेऊन येतो. शंका यायला नको होती? शेठनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं: "एकदा मनात आलं होतं मॅडम, आईला फोन लाव म्हणावं. पण समोर लग्नाचं गिऱ्हाईक बसलं होतं." त्यांनी हे कोर्टातही लपवलं नाही.

त्या एका वाक्यावर निकाल कुठेही झुकला असता. कायद्यातले शब्द आहेत "माहीत असताना किंवा तसं मानण्यास कारण असताना". याचा अर्थ मुंबई उच्च न्यायालयानं १८८० साली रंगो तिमाजी प्रकरणात लावून ठेवला आहे. मानणं हे शंका येण्यापेक्षा फार वरचं. माणूस निष्काळजी होता, त्याला शंका यायला जागा होती, त्यानं पुरेशी चौकशी केली नाही, एवढं दाखवून भागत नाही. परिस्थितीच अशी हवी, की कोणाही समंजस माणसाची हा माल चोरीचाच अशी खात्री पटली असती. शेठना शंका आली होती, खात्री नव्हती. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या रेषेच्या अलीकडे ते थोडक्यात राहिले. हाच पोरगा महिन्यात चौथ्यांदा आला असता, किंवा रात्री मागच्या दारानं आला असता, तर मी ही रेषा दाखवू शकले नसते. चोरीच्या मालाचा नेहमीचा धंदा करणाऱ्याला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, तेव्हा ४१३ खाली आणि आता ३१७ च्या पोटकलम ४ खाली. दरोड्यातला माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही तेवढीच.

नव्या कायद्यातला एक बदल जुनी वाहनं घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. आधी चोरी, खंडणी, जबरी चोरी, अपहार, विश्वासघात यांतून आलेला माल "चोरीचा" ठरत असे. ३१७ मध्ये त्यात फसवणूकही घातली आहे. खोटा चेक देऊन कोणी नेलेली मोटारसायकल तुम्ही जाणूनबुजून घेतलीत, तर आता तीही याच कलमात येते. मोबाइलचं निदान बरं आहे: केवायएम (KYM) लिहून त्यापुढे आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, टाकून १४४२२ वर एसएमएस पाठवला की हँडसेट काळ्या यादीत आहे का ते घ्यायच्या आधीच कळतं. सोन्याला तशी सोय नाही. १ एप्रिल २०२३ पासून नव्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, सक्तीचा झाला, पण त्यावरून सराफ आणि कॅरेट कळतं, आजचा मालक कळत नाही. आणि सासूबाईंच्या बोरमाळीवर काहीच नसतं.

निकाल २०२५ मध्ये लागला. मुलाला घरफोडी आणि चोरीबद्दल शिक्षा झाली. शेठ निर्दोष. माल चोरीचा होता आणि ताब्यात होता हे सिद्ध झालं. ज्ञान सिद्ध झालं नाही, असं निकालपत्रात स्पष्ट आहे. साडेतीन वर्षं, एकाहत्तर हजार पाचशे रुपये आणि मुलीचं एक मोडलेलं स्थळ, एवढं शेठचं गेलं. आता त्यांच्या खरेदीच्या वहीत एक रकाना वाढला आहे: "घरच्यांशी बोललो, वेळ". पैसे फक्त खात्यावर देतात. त्यामुळे काही गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात जातात.

निकालाच्या दिवशी आजी बोरमाळ घालून आल्या होत्या. सुपूर्तनाम्याच्या अटी आता सुटल्या, माळ तुमचीच, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "आन् मालकांची अंगठी?"

मुद्देमालाच्या यादीत अंगठी नव्हती, त्यामुळे कोर्टाला तिच्याबद्दल काही आदेश करता आला नाही. मुलाला झालेल्या दंडातून पाच हजार रुपये आजींना द्यावेत असं निकालात आहे. तो दंड अजून भरला गेलेला नाही.